काचऱ्यांत मशरूम

आमच्या घरात जातपात पाळत नाहीत, हे वाक्य मी बोबडं बोलत होते तेव्हापासून ऐकत आले आहे. बाबा ते पाहुण्यांना ऐकवायचे, शेजाऱ्यांना ऐकवायचे, वर्तमानपत्राच्या संपादकांना पत्रातून कळवायचे. ते कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत. पत्रिका बघत नसत, सत्यनारायण घालत नसत, ग्रहण लागलं की मुद्दाम चहा करून घेत आणि समोरच्या दारातून दिसेल असा कप धरून उभे राहत. जातपात नाहीच. फक्त मागच्या गॅलरीत एक वेगळी शेगडी होती.

स्वारगेटपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. स्वयंपाकघराच्या मागे ती गॅलरी. आता बिल्डर तिला ड्राय बाल्कनी म्हणतात आणि जाहिरातीत छापतात. आम्ही नुसतं ‘मागे’ म्हणायचो. मागे कपड्यांचं मशीन होतं. ते पिळायला लागलं की अख्खं थरथरत पुढे सरकायचं आणि आई हातातलं टाकून त्याला कंबरेने मागे ढकलायला धावायची. खालून एसटीचे हॉर्न यायचे, रिक्षावाल्यांची भांडणं यायची, संध्याकाळी कुणाच्या तरी फोडणीचा ठसका यायचा. मशीनच्या शेजारी कडाप्प्याची एक फळी होती. तिच्यावर एका बर्नरची शेगडी, एक जर्मनची कढई, एक घासणी आणि दोन स्टीलची ताटं. ताटांच्या कडेला आईने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता, म्हणजे घासताना आतल्या ताटांत मिसळायला नकोत. त्याच फळीच्या टोकाला एक कान तुटलेला कप असे. तो भांडी घासायला येणाऱ्या सुमनमावशींचा. त्या वर्षानुवर्षं आमची सगळी ताटं घासत होत्या, आतली आणि मागची, आणि चहा त्या कपातून पीत होत्या. याबद्दल आमच्या घरात कधी कुणाला काही बोलावंसं वाटलं नाही. मला आज ते लिहितानाही संताप येतो, आणि तो यायलाच हवा.

अंडी आमच्या घरात औषध म्हणून शिरली. माझी थोरली बहीण वर्षा, म्हणजे ताई, हिचं रक्त कमी भरलं आणि डॉक्टर म्हणाले, अंडी द्या. बाबा म्हणाले, विज्ञान सांगतंय तर द्यायलाच हवीत. आई म्हणाली, माझ्या ओट्यावर नाही. तेव्हा ती शेगडी आली. पुढे बाबांनी रविवारच्या पुरवणीत मशरूमचे गुणधर्म वाचले आणि मंडईतून येताना प्लॅस्टिकच्या डबीतली पांढरी गोल मशरूम घेऊन आले. आईने डबी उजेडाकडे धरून विचारलं, “अहो, हे कशात धरायचं? भाजीत की तसल्यात?”

बाबांनी वर्गात उभं असल्यासारखा घसा साफ केला. “ही बुरशी आहे. वनस्पतीही नाही आणि प्राणीही नाही. जीवशास्त्रात तिचं स्वतंत्र राज्य आहे.”

“म्हणजे ओट्यावर चालेल?”

बाबांनी डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. “शंका आहे तिथे सावधगिरी बरी. मागेच करा.”

विज्ञानाने बुरशीला राज्य दिलं, आम्ही तिला गॅलरी दिली.

या गॅलरीचा नियम कुणी कधी बोलून दाखवला नाही, पण तो आम्हा दोघी बहिणींना पाढ्यांसारखा पाठ होता. आतून मागे काहीही जाऊ शकत होतं. मागून आत काहीही येत नव्हतं. आतला चमचा चुकून मागच्या कढईला लागला की तो मागचाच व्हायचा. माणसं तेवढी येजा करू शकत, हात धुऊन.

आता आईच्या काचऱ्यांबद्दल लिहिलंच पाहिजे. ज्यांनी त्या खाल्ल्या नाहीत त्यांना बटाटा कळलेला नाही, हे मी जाहीर सभेत म्हणायला तयार आहे. ती बटाटे सालासकट उभे चिरायची, मग त्यांचे पातळ अर्धचंद्र करायची, पाण्यातून काढून पंच्यावर पसरून कोरडे करायची. कढई लोखंडी, तिच्या माहेरची, आतून काळी तुळतुळीत. तेल तापलं की मोहरी, हिंग, हळद, आणि मग ते सगळे अर्धचंद्र एकदम. आधी झाकण, मग झाकण काढून मंद आच, मग उलथन्याने तळाशी लागलेलं अलगद सोडवत राहायचं. शेवटी तिखट, मीठ आणि पुणेरी चिमूटभर साखर. कडा तपकिरी आणि कुरकुरीत, मध्ये मऊ. बाहेर मशीन पिळत असायचं आणि आत कढईत उलथनं खरवडत असायचं, आणि शनिवारच्या सकाळचा माझ्यासाठी तोच आवाज आहे.

अशाच एका शनिवारी ताई मागे शेगडीशी उभी राहून मशरूम परतत होती. आईने तिच्यासाठी वाटीत काचऱ्या दिल्या. ताईने त्या सरळ जर्मनच्या कढईत ओतल्या आणि दोन्ही एकत्र परतलं. वर मिरपूड. मला हाक मारली, “ठमे, ये इकडे, हे खा.” मशरूमचा तो मातकट, पाऊस पडून गेलेल्या बागेसारखा वास आणि काचऱ्यांचा खरपूसपणा, मी कढईतूनच खाल्लं, उभ्याने, बोटं भाजत. मग हे आमचं ठरूनच गेलं. पण एकदा मशरूममध्ये पडलेला बटाटा, जो उपासालाही चालतो, ज्याच्याइतकं सोवळं स्वयंपाकघरात दुसरं काही नाही, तो आता आत येऊ शकत नव्हता. त्यामुळे आमचा सगळ्यात आवडता पदार्थ आम्ही कधी टेबलावर बसून खाल्ला नाही. मशीनला टेकून खाल्ला. आई दारातून बघायची आणि म्हणायची, “काय बाई चवी तुमच्या.” तिने तो कधी तोंडात घातला नाही.

ताई इंजिनिअर झाली, हडपसरच्या एका कंपनीत लागली आणि तिथल्याच संतोषशी तिने लग्न ठरवलं. संतोष हडपसरच्या पलीकडच्या एका गावातला, घरची फुलांची शेती. जातींची नावं मी इथे लिहीत नाही. लिहिली की वाचणारे लगेच आपापल्या बाजूला जाऊन बसतात आणि पुढचं वाचायचं सोडतात. आमची जात स्वतःला वरची समजते आणि त्यांच्या जातीला खालची, एवढं पुरे. बाबा म्हणाले, “माझा विरोध जातीला नाही. राहणीमानाला आहे.” हे वाक्य त्यांनी इतकं शांतपणे म्हटलं की माझी खात्री आहे, ते त्यांना स्वतःला अगदी पटलेलं होतं. ते लग्नाला गेले नाहीत. आईला जाऊ दिलं नाही, आणि आई गेली नाही. ही दोन वेगळी वाक्यं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. मी बारावीचा क्लास बुडवून नोंदणी कार्यालयात गेले आणि ताईच्या चपला सांभाळत बाकावर बसले.

त्यानंतर ताई घरी आली नाही. आई दुपारी दार लावून तिच्याशी फोनवर बोलायची. बाबा विचारायचे नाहीत आणि आई सांगायची नाही. एक दिवाळी तशीच गेली. पुढच्या दिवाळीच्या तोंडावर मात्र बाबा एका संध्याकाळी पेपरवरून नजर न उचलता म्हणाले, “वर्षाला बोलव पाडव्याला. दिवाळसण राहिलाय तो करून टाकू.” आईने चकलीचा सोऱ्या तसाच परातीत ठेवला आणि पदराने डोळे पुसले. ‘करून टाकू’ हे शब्द तिला ऐकूच गेले नसावेत. मला गेले.

ताईने निरोपाला उत्तर आईला नाही, मला दिलं. फोन केला आणि म्हणाली, “येते मी. पण नीट ऐक, ठमे. ह्याचं ताट वेगळं मांडलं तर मी उठणार. आणि उठले की त्या घराचा जिना परत चढणार नाही. मग आईला कितीही रडून घेऊ दे.”

“कशाला वेगळं मांडतील?”

“तू त्याच घरात राहतेस ना? का नुसता पत्ता दिलायस?”

लगेच ती म्हणाली, “आणखी एक. संतोष शाकाहारी आहे. त्यांच्या घरात सगळ्यांच्या गळ्यात माळ आहे. मटण सोड, अंडंही चालत नाही, मशरूमही नाही. हे तू घरी बोलायचं नाहीस.”

“अगं, पण हे सांगितलं तर सगळं सोपं होईल!”

“म्हणूनच. मला सोपं नकोय. तो शाकाहारी निघाला म्हणून पास झाला, असं मला नकोय. त्याच्या जागी दुसरा कुणी असता, रोज मटण खाणारा, तर तोही त्याच टेबलावर बसला पाहिजे. ह्या अटीवर यायचं असेल तर येते, नाहीतर आहे मी इथे सुखात.”

लोक मला विचारतात, तुम्ही चळवळीत कशा आलात. कुठल्या शिबिराला गेलात, काय वाचलंत. मी त्यांना काहीतरी सांगते. खरं सांगायचं तर त्या फोनवर आले. एक वाक्य बोलून बहिणीचं माहेर परत मिळवून देता येत असताना ते वाक्य गिळून बसायचं, हे मला तेव्हा पहिल्यांदा करावं लागलं, आणि ते घोषणा देण्यापेक्षा फार अवघड असतं.

पाडव्याचा बेत ठरवायला आईबाबा टेबलाशी बसले तेव्हा मी तिथेच चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होते. श्रीखंड, पुरी, अळूवडी, मसालेभात इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग बाबा म्हणाले, “त्या मुलाला आपलं जेवण अळणी लागेल हं. त्यांना रोज काहीतरी चमचमीत लागतं. मटण तर आपण करू शकत नाही. मशरूम करा. त्याला जरा जवळचं वाटेल.”

हे ते चांगुलपणाने म्हणाले. मी शपथेवर सांगते. त्यांनी स्वतः मंडईत जाऊन ताजी, न डागाळलेली मशरूम निवडून आणली. माणूस दुष्ट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

“मागे करते मग,” आई म्हणाली. “आणि वाढायची कशात?”

“मागच्या ताटात.”

“ते ताट आत कसं आणायचं?”

बाबांनी विचार केला. भौतिकशास्त्राचं गणित सोडवावं तसा, पायरी पायरीने. “मग असं करू. मागच्या दाराशी ते छोटं टेबल लावू. हवेशीर आहे. तो तिथे बसेल, मी खुर्ची घेऊन त्याच्याशी गप्पा मारत बसेन.”

“तुम्ही तिथे जेवणार?”

“मी मागाहून जेवेन.”

“आणि ताई?” मी विचारलं.

“ती आपल्यात बसेल.”

झालं. कुणी जातीचं नाव काढलं नाही, कुणी आवाज चढवला नाही, आणि संतोषचं ताट गॅलरीच्या उंबऱ्याशी जाऊन पोचलं. मशरूमने नेलं म्हणे. मी म्हणाले, “बाबा, तुम्ही जावयाला दाराबाहेर जेवायला घालताय.”

“बाईसाहेब,” बाबा म्हणाले, “पाहुण्याची आवड जपण्याला आदरातिथ्य म्हणतात. त्यावर लगेच पत्रक काढायची गरज नसते.”

“तो मशरूम खातो हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“त्यात सांगायचं काय असतं?”

वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मी ते गिळलं. नंतर आईने मला स्वयंपाकघरात गाठलं आणि हात धरून म्हणाली, “जुळून येतंय गं. तोडू नकोस. एवढं एक जेवण होऊन जाऊ दे.” मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली, आणि कीव आली याचा जास्त राग आला. या देशात जे जे सडकं टिकून आहे ते ‘एवढं एक होऊन जाऊ दे’वर टिकून आहे, असं मी पुढे एका पत्रकात लिहिलं. लोकांना वाटलं मी सरकारबद्दल लिहिलंय.

पाडव्याच्या सकाळी बाबा हार आणायला खाली गेले. आई एका बर्नरवर अळूवड्या तळत होती. मागच्या दाराशी छोटं टेबल मांडून झालं होतं, वर धुतलेला टेबलक्लॉथ, त्यावर लाल ठिपक्याचं ताट. मशरूमचे दोन डबे मागे फळीवर ठेवलेले. मी बराच वेळ त्या डब्यांकडे बघत उभी राहिले. कचऱ्यात फेकून देता आली असती. पण फेकून दिली असती तर नियम जागच्या जागी राहिला असता. आज मशरूम नाहीत म्हणून जावई आत, उद्या असली की बाहेर. मी दोन्ही डबे उचलले आणि आत ओट्यावर आणून ठेवले.

आई वळली. तिने डब्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी लोखंडी कढई काढली.

“ती माझ्या माहेरची कढई आहे,” ती म्हणाली.

“माहीत आहे. काचऱ्या तिच्यातच चांगल्या होतात.”

“ते येतील आत्ता वर.”

“येऊ देत.”

तिने वडी उलटली. मी मशरूम ओल्या फडक्याने पुसून जाड चिरली. कढई धूर येईपर्यंत तापवली, तेल सोडलं आणि सगळी मशरूम एकदम टाकली. चर्र आवाज झाला आणि तो वास, जो आजवर आमच्या गॅलरीचा होता, तो स्वयंपाकघरभर झाला. पाणी सुटलं, कढई भरून आली. माझा हात झाकणाकडे गेला तशी आई वड्यांवरून नजर न हलवता म्हणाली, “झाकू नकोस. आच मोठी कर. पाणी आटू दे, मग रंग येतो.” इतकी वर्षं मागे उभी राहून, न खाता, तीच तर करत आली होती. मी आच मोठी केली. पाणी आटलं, मशरूम आकसली, कडा तांबूस झाल्या. ती ताटलीत काढली, त्याच कढईत फोडणी केली, बटाटे टाकले, आणि ते खरपूस व्हायला लागल्यावर मशरूम परत आत सोडून उलथन्याने खालपासून वर घेतलं. मिरपूड घातली. मीठ शेवटी घातलं, थोडंसं, घाईत.

दाराशी बाबांची चप्पल वाजली. ते हार घेऊन स्वयंपाकघरापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

“हे काय आहे?”

“काचऱ्या. मशरूम घालून.”

“ओट्यावर?”

“ओट्यावर.”

त्यांचा चेहरा लाल झाला नाही. ते कधी ओरडत नसत. ओरडणं त्यांना अशास्त्रीय वाटायचं. “हा जातीचा प्रश्न नाही, एवढं आधी लक्षात घे. स्वच्छतेचा आहे.”

“मग कढई घासली की झालं.”

“घासून जात नाही ते.”

“काय जात नाही?”

बाबांनी कढईकडे पाहिलं. अळूवड्यांचं तेल तडतडत होतं. “वास,” ते अखेर म्हणाले.

“वास तर लसणाचाही येतो, बाबा. त्याला कुणी गॅलरीत बसवलं नाही.”

“तुझ्याशी नंतर बोलतो.”

“आत्ता बोला. नंतर ताई आलेली असेल.” मी उंबऱ्याशी गेले, लाल ठिपक्याचं ताट उचलून मागे फळीवर ठेवलं, छोट्या टेबलाची घडी घातली आणि मोठ्या टेबलावर आतली ताटं मांडायला घेतली. सगळ्यांची सारखी. ताटं एकमेकांवर वाजत होती, आणि वाजू देत, असं मला वाटलं. बाबा काही म्हणायला पुढे आले तेवढ्यात बेल वाजली.

ताई हिरव्या साडीत होती. मागे संतोषभावोजी, इस्त्रीच्या शर्टात, हातात त्यांच्याच शेतातल्या शेवंतीचा भलामोठा पुडा. ते वाकून आईच्या पाया पडले, बाबांच्या पाया पडले. ताईने आत येताच टेबलाकडे पाहिलं. ताटं मोजल्यासारखी नजर फिरवली, मग नाकाने वास घेतला आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली. ओवाळणं झालं. बाबांनी भावोजींना शर्टपीस आणि नारळ दिला. आम्ही बसलो. बाबाही बसले, टेबलाच्या डोक्याशी, ताठ, पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून. आई उभी होती, पुऱ्या तळायच्या होत्या. कढई मी टेबलाच्या मध्यभागी ठेवली होती.

बाबांना काहीतरी बोलणं भाग होतं. “घ्या,” ते कढईकडे हात करून म्हणाले, “आपल्यासाठी मुद्दाम केलंय.”

भावोजींनी ताईकडे पाहिलं. ताई पाण्याचा पेला बघत होती. मग ते जरा ओशाळून म्हणाले, “नाही, म्हणजे राग मानू नका. आमच्या घरात समद्यांना माळ हाय. अंडं, मटण, मशरूम, कायच चालत नाही. बाकी सगळं खातो की मी. अळूवडी तर लई आवडते.”

बाबांचा चेहरा मी आजही जसाच्या तसा डोळ्यांसमोर आणू शकते. आधी गोंधळ, मग हिशेब, आणि मग आनंद. खराखुरा आनंद. “म्हणजे आपण शुद्ध शाकाहारी! अरे वा! अहो, मग आधी नाही का सांगायचं? उगाच घोळ झाला सगळा. वर्षा, तू तरी बोलायचंस!”

“मी मुद्दाम नाही बोलले,” ताई म्हणाली.

“का?”

“तो खात असता तर कुठे बसवला असतात, ते बघायचं होतं.”

“आता तो प्रश्नच येत नाही ना.”

“माझा आहे प्रश्न, बाबा. खात असता तर?”

बाबांनी हसण्याचा प्रयत्न केला. भावोजी पुटपुटले, “जाऊ दे ना, वर्षा. सणाचं जेवतोय आपण.” ताईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. बाबा माझ्याकडे वळले. त्यांना एक सरळ मार्ग दिसला होता. “हे बघ, पाहुणे खात नाहीत, मग हे टेबलावर हवंय कशाला? उचल ती कढई आणि ठेव मागे.”

“नाही,” मी म्हणाले.

“उचल म्हणतोय मी.”

“नाही उचलणार.”

ताईने हात लांब केला, कढई स्वतःकडे ओढली आणि डाव भरून आपल्या ताटात वाढून घेतलं. आमच्या घरच्या ताटात, आमच्या घरच्या टेबलावर, बसून. पहिला घास घेताना तिने डोळे मिटले होते.

बाबा खुर्ची मागे सारून उठले. “ठीक आहे. मग मीच जातो मागे.” हे वाक्य आमच्या घरात नवीन नव्हतं. ‘मग मीच जातो’ असं ते म्हणाले की आई “अहो, असं काय करता” म्हणून मध्ये यायची, मी गप्प व्हायचे, ताई रडवेली व्हायची, आणि जो काही विषय असेल तो संपायचा. ते आपलं ताट हातात घेऊन उभे राहिले. वाट बघत राहिले. आई ओट्याशी होती. तिने पुरी तेलात सोडली. कुणी काही बोललं नाही, आणि मग बाबांना खरोखरच जावं लागलं.

मागे स्टूल सरकवल्याचा आवाज आला. भावोजी अर्धवट उठले. “मी बसतो त्यांच्यासंगं. एकटंच जेवायचं म्हणजे…”

“बस खाली,” ताई म्हणाली. “त्यांना कुणी पाठवलेलं नाही.”

बाबा त्यानंतर बदलले का, असं मला सभेनंतर हमखास कुणीतरी विचारतं. विशेषतः बायका विचारतात, हळू आवाजात, म्हणजे मला कळतं की त्यांच्याही घरी कुणीतरी ताट घेऊन उभं आहे. मी त्यांना खोटी आशा देत नाही. बाबा आजही संपादकांना पत्रं लिहितात आणि आजही आमच्या घरात जातपात नसते. पण बदलायचं की नाही हा त्यांचा प्रश्न आहे. ते बदलेपर्यंत आम्ही उपाशी का थांबायचं, हा आमचा.

त्या दिवशी पुढे एवढंच झालं. आई गॅस बारीक करून टेबलाशी आली, उभ्या उभ्या कढईतून चमचाभर काचऱ्या-मशरूम घेतलं आणि तोंडात टाकलं. सावकाश चावलं. आम्ही दोघी बहिणी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

“मीठ कमी आहे,” ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बाबांच्या जागेवर बसली. स्वतःला ताटात वाढून घेतलं. थोडं जेवली, मग पुऱ्या जळतील म्हणून पुन्हा उठली.

मागून आवाज आला. “पुरी आणा जरा इकडे!”

आईने झाऱ्यावर एक टम्म फुगलेली पुरी उचलली, तेल निथळू दिलं. तिने मागच्या दाराकडे पाहिलं. आवाज न चढवता, रोजच्यासारखं, ती म्हणाली, “आत या. इथे वाढतेय मी.”

आणि ती पुरी तिने भावोजींच्या ताटात घातली.